वीस मिनिटं

कॉम्प्युटर पाचव्यांदा बंद पडला तेव्हा हिरा होड्यांच्या डिझेलवाटपाच्या यादीत एकेचाळिसाव्या नावावर होती.

"गेला?" मागून सेक्रेटरी कमलाकांतनं विचारलं. आवाजात काळजी नव्हती, मजा होती.

"गेला."

"नव्या होडीला बाईचा पाय लागू देत नाय आपण. हिथं आख्खं मशीनच बाईनं जोडलं. मग काय होणार?"

होडीला बाईचा पाय चालत नाही. होडीतनं उतरलेली मासळी डोक्यावर घेऊन बोईसरच्या बाजारात उन्हात बसायला मात्र बाईच लागते. हिराची आई जन्मभर बसली होती. हे सगळं हिराच्या जिभेवर आलं आणि तिनं गिळलं. मच्छीमार सोसायटीच्या पंचांनी तिला आज संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. मशीन चाललं तर नोकरी तिची. नाही चाललं तर ठाण्याहून तयार कॉम्प्युटर येणार, आणि त्याच्यापुढे कमलाकांतचा भाचा बसणार.

बोईसरला कॉम्प्युटरच्या दुकानात तिनं सुटे भाग जोडून हाच कॉम्प्युटर दोन दिवस चालवला होता. तिथं एकदाही बंद पडला नाही. इथं आणल्यापासून पडत होता. तिनं वेळा लिहून ठेवल्या होत्या. दर वेळी वीस मिनिटं, एखादं कमीजास्त. अर्धा तास गप्प ठेवला की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. विजेचा दोष असता तर असा घड्याळ लावून आला नसता.

तिनं खोक्याला तळहात लावला आणि झटकन काढून घेतला.

"तापतोय."

"पेंटियम हाय, तापणारच," कमलाकांत म्हणाला. हा शब्द त्याला कालच कळला होता.

हिरानं स्क्रू काढले, झाकण उचललं. आत प्रोसेसरच्या डोक्यावर हवा मारायला एक छोटा पंखा असतो. तो फिरणं शक्यच नव्हतं. पात्यापात्यांत, मधल्या दांडीत, पिवळंजर्द ग्रीस थापलं होतं. बोटीच्या इंजिनाचं.

"हे कुणी केलं?"

शिपाई धर्माजी चहा घेऊन दारात उभा होता. तीस वर्षं होड्यांची इंजिनं सांभाळलेला म्हातारा. त्यानं वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"मीच. परवा टेम्पोतनं आणलास, झाकण काढून तपासलास, मंग पूजेला नारल आनाया गेलीस ना? तवा लावलं. नवं लोखंड हाय, पोरी. खारा वारा आठ दिसांत खातो."

त्याचं काही चुकलं नव्हतं. या गावात सायकल असो, शिलाई मशीन असो, नवी वस्तू धर्माजीचं ग्रीसचं बोट फिरल्याशिवाय वापरात येत नसे. कमलाकांतची स्कूटरही त्यातलीच.

पण कमलाकांतला आता दोष द्यायला नवं माणूस सापडलं होतं. "थेरड्या! सोसायटीचं मशीन जाळतोस? उद्यापासून येऊ नको!"

धर्माजीनं चहा टेबलावर ठेवला.

"ओरडू नका," हिरा म्हणाली. "त्यांनी मशीन टिकावं म्हणून केलं. तुमी ते बंद पडायची वाट बघत होतात."

तिनं पंखा सोडवला आणि धर्माजीपुढे धरला.

"काका, इंजिनाचे बारीक भाग कसे साफ करायचात? तसाच हा पंखा करा. फक्त हात हलका."

धर्माजी खाली बसला. रॉकेल, कापूस, काडी. त्यानं एकेक पातं असं पुसलं, जसे लहान पोराचे कान पुसतात. पंखा खिडकीत वाळवला. दांडीला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब दिला. हिरानं बोटानं टिचकी मारली. पंखा गरगरला.

पंखा बसवला. बटण दाबलं. तिघांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर.

दहा मिनिटं. पंधरा. अठरा. चहावर साय धरली.

वीस.

एकवीस. बावीस.

पंचविसाव्या मिनिटाला हिराच्या लक्षात आलं की टेबलाखाली आपण पायाची बोटं आवळून धरली आहेत. तिनं ती सोडली. खोक्याला हात लावला. कोमट. ती हसायला लागली, तर हसू आवरेना. धर्माजी बाहेर गेला आणि कुडाआड नाक शिंकरून आला.

तासाभरानं यादी पूर्ण झाली तेव्हा बाहेर चेअरमनची जीप थांबली. हिरा प्रिंटरला कागद लावायला उठली. तेवढ्यात कमलाकांत तिच्या जागेवर बसला, कॉलर नीट केली आणि एक बोट कीबोर्डवर ठेवलं.

"भाऊ, उठा."

"अगं, चेअरमनना जरा दाखवतो. दोन मिनिटं..."

"खुर्ची माझी हाय. उठा."

कमलाकांत उठला. हिरा बसली, तिनं बटण दाबलं, आणि प्रिंटर करकरत पहिल्या होडीचं नाव छापू लागला.