पहिली चीर

वलीभाईंनी सुरीच्या पात्यावरून अंगठा आडवा फिरवला आणि ते थांबले. पुन्हा एकदा फिरवला. मग सुरी उजेडाकडे धरून एक डोळा मिटला.

"भाभी, हे सुरी तुमचीच हाय ना?"

"माहीच हाय. काहून?"

"मागच्या पोळ्याले म्याच धार लावली होती हिले."

वलीभाईंच्या ओट्यावर पोतं अंथरलं होतं आणि पोत्यावर चार-पाच किलोचं कोहळं. आज घरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. कोहळ्याच्या भाजीवाचून ते ताट पुरं होत नाही. आणि अख्खं कोहळं बाईनं आधी फोडायचं नसतं. पुरुषानं पहिली चीर द्यायची, मग बाईनं हवं तसं चिरायचं. माणिकबाईंचे मालक गेले त्या वर्षापासून ही चीर भिंतीपलीकडचे वलीभाई देत आले होते. त्याला अकरा वर्षं झाली. यंदा मुलगा धर्मेंद्र घरी होता. "म्या देतो ना चीर," असं तो म्हणालाही होता. पण वलीभाई सकाळीच दाढी करवून घेऊन, धुतलेला सदरा घालून आपल्या ओट्यावर येऊन बसले होते. भिंतीवरून दोनदा विचारून झालं होतं, "भाभी, कोहळं आणता ना?"

"हे धार झिजली नाही," वलीभाई म्हणाले. "झिजलेली धार गोल होते. हे कोणं तरी दगडावर आडवी घासली."

दारात उभ्या असलेल्या नगमानं, त्यांच्या सुनेनं, मान खाली घातली.

लकव्यानं उजवा हात थरथरायला लागला तेव्हापासून वलीभाईंना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू होत्या. मागच्या महिन्यात लिंबू चिरताना बोटाला जरासं लागलं, तर रक्त थांबवायला दवाखाना गाठावा लागला. म्हणून नगमानं काल हात जोडले होते, "मावशी, अब्बांच्या हातात धारेचं काही देऊ नका." आणि आज सकाळी माणिकबाईंनी मोरीच्या दगडावर सुरी घासून तिची धार घालवली होती.

चाळीस वर्षं वलीभाईंनी दर्यापूरच्या बाजारात सुऱ्या, कात्र्या, विळ्या यांना धार लावली. बोटाला चिंधी बांधून एखादी बाई आली की त्यांचं बोलणं ठरलेलं असे, "तुया हात नाही चुकला, माय. सुरी बोथट हाय. आण, धार लावून देतो." धारेची सुरी सांगाल तिथेच उतरते, बोथट सुरी दगा देते, हे गल्लीतल्या पोरीबाळींनाही पाठ होतं. माणिकबाईंनाही पाठ होतं.

"नगमा, दगड आण बेटा. दोन हात मारतो."

"सापडून नाही राहिला, अब्बा."

"पेटीत हाय."

"पेटीत पाहिला. नाही."

दगड गव्हाच्या कोठीत होता. वलीभाईंनी सुनेकडे पाहिलं, मग माणिकबाईंकडे. दोघी कोहळ्याकडे पाहत होत्या.

"बरं," ते म्हणाले. "पोतं जरा ओलं करा भाभी, नाही तं कोहळं सरकते. आन् बोटं आत घ्या. पात्याच्या वाटेत बोट ठेवू नका."

माणिकबाईंनी तांब्यातलं पाणी पोत्यावर शिंपडलं.

"तुमच्या मालकाची चीर तिरपी जाये," वलीभाई हसले. "वावरात जसा त्याचा वखर चाले, तशी त्याची चीर. पाहा आता, माही कशी सरळ जाते."

"पाहतो ना," माणिकबाई म्हणाल्या. त्यांनाही हसू आलं.

कोहळं धरून त्यांनी बोटं आत घेतली. पण वलीभाईंचा हात थरथरू लागला, तसं कोहळंही हलू लागलं, आणि ते आवरता आवरता माणिकबाईंची बोटं आपोआप पसरली. वलीभाईंनी डावा हात सुरीच्या पाठीवर ठेवून सगळा भार दिला. सुरी सालीत शिरली नाही. घसरली.

नगमा धावली. तिनं आधी सासऱ्याचे हात धरले, उलटेपालटे करून पाहिले. कुठंच लागलेलं नव्हतं. मग तिला पोत्यावरचे लाल ठिपके दिसले.

माणिकबाईंच्या अंगठ्याखाली वेडीवाकडी जखम झाली होती. नगमानं ओढणीचं टोक त्यावर दाबून धरलं. "मावशी, खोल हाय हो," ती म्हणाली आणि रडायला लागली.

"चूप. रडू नको. दाबून ठेव."

वलीभाईंचा हात तसाच अधांतरी होता. सुरी पोत्यावर पडली होती. माणिकबाईंनी दुसऱ्या हातानं ती उचलून पदराखाली घेतली. कोहळ्यावर केसाएवढा ओरखडा उठला होता, बाकी ते होतं तसंच अख्खं होतं.

"तुमचा हात नाही चुकला, वलीभाई," त्या म्हणाल्या. "सुरीच बोथट होती."

खरं तेच होतं. पण तोंडातून बाहेर पडलं तेव्हा ते समजूत घातल्यासारखं वाटलं.

वलीभाईंनी मान हलवली. मग त्यांनी थरथरता हात पुढे केला.

"मंग आणा," ते म्हणाले. "धार लावून देतो."

माणिकबाईंनी पदर घट्ट धरला. नगमा जागची हलली नाही. पलीकडून धर्मेंद्र विचारत होता, "माय, झाली का चीर?"

वलीभाईंचा हात पुढेच होता.