शेपटीखालची पट्टी

ओझरला गणपतीच्या वाटेवर उज्ज्वला कापडी खेळणी शिवून विकायची. ससे, हत्ती, आणि कुणी फोटो आणून दिलाच तर त्याच्या कुत्र्याचं हुबेहूब ध्यानसुद्धा. लोणीकडच्या दादाभाऊंनी मात्र खऱ्याएवढा बिबट्या सांगितला.

"नातवाला का?"

"उसाला. मोटारीला लाइट रातचीच येती. अंधारात पाणी धरायचं म्हंजी जीव मुठीत. बिबट्या दिसला का दिवसाची देत्यात."

उज्ज्वलाने पोतंभर कापूस ठासून बिबट्या बसवला. सवयीने शेपटीखाली आपल्या नावाची आणि मोबाइल नंबरची पट्टीही शिवली.

बिबट्या उसाच्या कडेला जाऊन बसला. लोकांनी रस्त्यावरूनच फोटो काढले, गावात पिंजरा आला आणि चौथ्या दिवशी लाइट दिवसाची झाली. दादाभाऊ भर उन्हात ऐटीत पाणी धरू लागले, तेही बिबट्याकडे पाठ करून.

ते बघूनच गावच्या सरपंचांना शंका आली. त्यांनी उज्ज्वलाला फोन लावला.

"ताई, तुमचा नंबर शेपटीखाली घावला."

उज्ज्वलाच्या हातातली सुई थांबली.

"घाबरू नका. बांधावरचा हाये तिथंच बसू द्या, लाइट झ्याक चाललीय. पन निवडणूक आली, अन् लोकं इचारत्यात, पिंजरा रिकामाच कसा. त्याच्यासाठी अजून एक शिवा. जरा पडेल चेहऱ्याचा."

उज्ज्वलाने ऑर्डरची वही ओढली.

"पिंजऱ्याचं माप घेतलंय का?"