नवे दात येईस्तोर

चार वर्षांच्या ईश्वरीनं भाकरीचा घास गालात धरला, जरा घोळवला, अन् डोळे भरून आले तसा परत ताटात ठेवला.

"किडक्या दातांनी चावाय येईना लेकराला. परभणीला दाताच्या डॉक्टरला दाखवून आणते," विजयमाला म्हणाली.

"दुधाचे दात हायेत, आपसूक पडतेत. नवे मोत्यावाणी येतेत बघ." सासूनं, धुरपदाबाईनं, चहात बुडवलेलं बिस्कीट नातीच्या ओठाला लावलं.

"ते येईस्तोर तिनं बिस्किटावरच वाढायचं का, आत्याबाई?"

विजयमालानं चपला घातल्या, लेकीला कडेवर घेतलं.

"अगं, दुधाच्या दाताला कुठं दवाखाना असतो? समदं गाव हसंल."

"हसू द्या," उंबरा ओलांडत विजयमाला म्हणाली. "गावाला दात हायेत."