आजच्यापुरती धून

"नाही म्हणजे नाही," साहेब म्हणाले. "धून म्हणजे दुकानाची पाटी. रोज पाटी बदलणारं दुकान कधी चाललंय का?"

"रोज कुठे, साहेब? आजच्यापुरती."

काचेपलीकडे तंत्रज्ञ बसला होता. सगळे त्याला बटणराव म्हणत. एका बटणावर रोजची धून होती, तबल्याची. शेजारच्या बटणावर नवी, माउथ ऑर्गनची. त्याचं बोट दोहोंच्या मध्ये अधांतरी होतं. साहेबांच्या हातात गाडीच्या किल्ल्या होत्या. डोकं दुखतंय म्हणून आज ते लवकर घरी निघाले होते. जाता जाता कार्यक्रमाच्या कागदावर नजर गेली आणि इथेच अडकले.

रेडिओताईने टेबलाखाली मूठ आवळली. हे नाव तिला श्रोत्यांनी दिलं होतं, पुढे केंद्रातही तेच पडलं. साहेब एकदाचे निघून जावेत, एवढंच तिला वाटत होतं. खरं कारण त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं.

दोन महिन्यांपासून एक बाई तिला फोन करत होती. कार्यक्रम संपल्यावर, घराजवळच्या दुकानातून. नाव तिने कधी सांगितलं नाही. नवरा मारतो, हे मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं, तेही कुणाला पत्ता सांगावा इतक्या सरळ आवाजात. तिचा मोबाइल तो रोज तपासायचा. घरातला जुना लाकडी रेडिओ दिवसभर चालू ठेवायचा, हा त्याचाच हुकूम. "बाहेरून आला की आधी रेडिओवर हात ठेवून बघतो," ती म्हणाली होती. "गार लागला तर माझं काही खरं नसतं."

रेडिओताईची थोरली बहीण अशा बायकांसाठी एक घर चालवायची. तिथे जागा नव्हती. जागा झाली की या बाईला कळवायचं कसं? उपाय त्या बाईनेच काढला. "तुमची सुरुवातीची धून बदला. तबला वाजला तर मी भाजी चिरत बसेन. दुसरं काही वाजलं की पिशवी उचलेन. त्या वेळी तो कामावरच असतो."

आज सकाळी बहिणीचा निरोप आला. एक खोली रिकामी झाली होती, आणि ती उद्यापर्यंत राहील याचा भरवसा नव्हता. त्या दुकानापाशी गाडी कार्यक्रम संपेपर्यंत थांबणार होती. धून निवडताना रेडिओताईने सूर पाहिला नाही की ताल पाहिला नाही. स्वयंपाकघरात नळ चालू असला तरी ती तबल्याहून वेगळी ओळखू यावी, एवढंच पाहिलं.

"ऐकवा तरी," साहेब म्हणाले. बटणरावने ऐकवली.

"हे काय? कुणी गेलंय का?"

बटणराव हसला. ताईचा चेहरा दिसला तसा गप्प झाला.

"श्रोत्यांना बदल हवाय, साहेब."

"किती श्रोत्यांना?"

खोटं बोलणं तिला जमेना. "एका बाईंना."

"एका बाईसाठी मी पाटी बदलू?"

"ही वाजली नाही तर मी माइकसमोर बसणार नाही. मग आजचा कार्यक्रम तुम्हीच करा."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग किल्ल्या खिशात टाकल्या आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

"वाजवा. पण मी इथून हलत नाही. शिव्यांचे फोन आले की तुम्हालाच उचलायला लावतो."

लाल दिवा लागला. माउथ ऑर्गन वाजला. कधीही न पाहिलेल्या एका ओट्यावर सुरी खाली ठेवली जातेय, असं रेडिओताईला दिसलं. मग ती नेहमीच्या आवाजात बोलू लागली. विषय होता शेजाऱ्याचं भुंकणारं कुत्रं. फोन येत राहिले. शिव्या पडल्या त्या कुत्र्याला. एक आजोबा तर म्हणाले, नवी धून झकास आहे, आमची ही पहिल्यांदाच न घोरता ऐकतेय.

पहिलं गाणं लागलं. माइक बंद झाला.

"आजोबांचं राहू द्या," साहेब म्हणाले. "मी घरीच विचारतो. बायकोचा कान पक्का आहे." त्यांनी फोन लावला. "ऐकतच असेल. आमच्याकडे रेडिओ बंद म्हणून होत नाही. घरात शिरलो की माझा पहिला हात रेडिओवर." ते हसले. "गरम आहे ना, ते बघतो."

रेडिओताईने उचललेला पाण्याचा पेला ओठांपर्यंत गेला नाही.

फोन वाजत राहिला. साहेबांनी पुन्हा लावला. पुन्हा नुसताच वाजला.

"उचलत का नाही ही?" हसू गेलं होतं. किल्ल्या खिशातून बाहेर आल्या. "बघूनच येतो. घर काही लांब नाही."

काचेपलीकडे बटणरावने हात वर केला. गाणं संपत आलं होतं. साहेब दाराकडे वळले. मघाशी त्यांनी निघून जावं म्हणून मनात नवस बोलणारी रेडिओताई उठली. तिने एक खुर्ची ओढली आणि दुसऱ्या माइकसमोर ठेवली.

"साहेब, बसा ना. धून कशी निवडतात, हे श्रोत्यांना तुमच्याइतकं चांगलं कोण सांगणार?"

साहेब थबकले. त्यांनी माइककडे पाहिलं, मग दाराकडे. हात आपसूक कॉलरकडे गेला. ते बसले. किल्ल्या माइकवर वाजू नयेत म्हणून त्यांनी त्या अगदी अलगद टेबलावर ठेवल्या.

लाल दिवा लागला.

"आज आपल्यासोबत स्वतः आमचे साहेब बसलेत," रेडिओताई एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "कार्यक्रम संपेपर्यंत."