शनिवारचं रिव्हॉल्व्हर

लोवेल क्रायडरनं पेटी उघडली. रिव्हॉल्व्हर धुतलेलं होतं.

दुपारी मैदानावरून आणलं तेव्हा ते काळंकुट्ट होतं, हे त्याला पक्कं आठवत होतं. सकाळभर त्यानं नेमबाजांच्या क्लबात बार उडवले होते. घरी येऊन पेटी कपडे धुवायच्या खोलीत ठेवली, सँडविच खाल्लं, कानातली ऐकण्याची यंत्रं काढली आणि आरामखुर्चीत पाठ टेकली. जाग आल्यावर यंत्रं परत कानात घालून, बाह्या सरसावून तो धुवायला आला, तर नळी आतून आरशासारखी. गोळ्यांच्या चक्रीची सहाही घरं कोरडी. वरून तेलाचा हात फिरवलेला.

हे आपण केलं कधी? काही केल्या आठवेना.

मागेही असं झालं होतं. झोपेच्या धुंदीत उरकलं असेल, अशी त्यानं तेव्हा स्वतःची समजूत घातली होती. आज ती पटेना.

रिव्हॉल्व्हर इटलीत बनलेलं, अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या जुन्या हत्याराची हुबेहूब नक्कल. ठासणीचं. प्रत्येक घरात आधी काळी दारू, मग शिशाची गोळी, तिच्यावर चरबीचं बोट, मागच्या बाजूला ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी. यातलं काही विसरून चालत नाही. चरबी राहिली तर एका बाराबरोबर शेजारची घरंही हातातल्या हातात पेटू शकतात. आणि त्या दारूची काजळी अशी वाईट, की रात्रभर तशीच राहिली तर सकाळी लोखंडावर तांबूस ठिपके दिसायला लागतात. म्हणून लोवेल पूर्वी घरी आल्या आल्या गरम पाणी काढायचा. त्याची बायको मार्लिस गेली आणि ती सवय सुटली. नंतर एकदा तर पेटी कितीतरी दिवस तशीच पडून होती.

त्याच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी कुत्र्याला दोन-दोनदा जेवण. मग गॅसवर रिकामं पातेलं. शेवटी शेवटी ते लोवेललाच विचारायचे, "आपण कुणाकडे आलात?"

त्यानं पेटी बंद केली आणि हॉबर्टला फोन लावला. क्लबातला त्याचा जुना दोस्त.

"माझं रिव्हॉल्व्हर तुला आवडतं ना? येऊन घेऊन जा."

"अरे, सकाळी तर त्यानंच मला हरवलंस! झालं काय?"

"काही नाही. घेऊन जा, बस."

स्वयंपाकघरात अर्डिथ बटाटे सोलत बसली होती. अर्डिथ म्हणजे मार्लिसची आई. लेकीकडे राहायला आली होती. लेक गेली, आणि म्हातारी सासू नि म्हातारा जावई एका छपराखाली उरले. जा असं याला म्हणवेना, जाते असं तिला म्हणवेना. रिव्हॉल्व्हरला ती 'ते खेळणं' म्हणायची. चिमट्यानंसुद्धा शिवणार नाही, असं तिनं एकदा पाद्रीसाहेबांसमोर ठणकावून सांगितलं होतं.

"देऊन टाकतोयस म्हणे ते खेळणं?"

"हो. झालं तुमच्या मनासारखं."

"माझ्या मनासारखं या घरात कधी काही झालेलं नाही. आज काय एकदम?"

लोवेल काहीतरी थाप मारणार होता. पण ते त्यानं सोडून दिलं. तो समोरच्या खुर्चीत बसला.

"सासूबाई, माझं डोकं कामातून चाललंय. वडिलांचं गेलं तसंच. धुतल्याचं मला आठवत नाही. उद्या बार भरल्याचं आठवणार नाही. अशा माणसाच्या हातात ते नको." "डॉक्टरांकडे जातो मी. पण तुम्ही बर्निसकडे राहायला जायची तयारी ठेवा. मी बोलतो तिच्याशी."

बर्निस ही अर्डिथची धाकटी मुलगी. तिचं नाव निघालं तरी म्हातारी आज काही टोचून बोलली नाही. सुरी थांबली होती. तिची कानशिलं हळूहळू लाल झाली.

"ती पाचर," वर न बघता ती म्हणाली, "तू परत कशी बसवतोस?"

"काय?"

"नळी धरून ठेवते ती पाचर रे! उजवीकडून मारली की सुटते. पण परत घालताना दर वेळी अडकते. लाटण्यानं ठोकावी लागते मला."

लोवेल एकदम हसायला लागला. डोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत हसला. टेबल धरून हसला.

"तुम्ही?"

"मग काय पऱ्या येतात? तू यंत्रं काढून घोरायला लागलास की छपरावर वीज पडली तरी उठत नाहीस. गरम पाणी, साबण, कोमट ओव्हनमध्ये सुकवायचं, तेल. इतकी वर्षं माझ्या नाकासमोर करतोयस. आंधळी आहे का मी?"

"अहो, मग सांगायचं तरी! मी इथे मेल्याहून मेल्यासारखा झालोय!"

"पाद्रीसाहेबांसमोर एवढी गरजले होते. कुठल्या तोंडानं सांगणार?"

बाहेर हॉबर्टच्या गाडीचा भोंगा वाजला. लोवेल डोळे पुसत उठला. हॉबर्टला कॉफी पाजून रिकाम्या हातानं परत पाठवायचं, असं त्यानं ठरवलं. दाराशी तो थबकला.

"पण केलंत कशाला? तुम्हाला तर ते घरातच नको होतं."

अर्डिथनं पुढचा बटाटा उचलला.

"शनिवारी तेवढाच माणसांत जातोस तू. ते गंजलं असतं, तर तुझं हे सुतकी तोंड मला आठवड्याचे सातही दिवस बघावं लागलं असतं."