दोन सीटची गाडी

मागच्या डाव्या टायरवर चार आकडे होते : १४१८. दोन हजार अठरा सालचा चौदावा आठवडा. अनिताने आकड्यांवरची माती अंगठ्याने पुसली आणि ते पुन्हा वाचले.

"टायर सात वर्षांचे झाले," ती म्हणाली.

"व्हय मॅडम. गाडी घेतली तवाच नवे टाकले होते," करिश्मा म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

गाडी लाल होती, दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी. निमोण्यात कांद्याच्या वावराला लागून पत्र्याची शेड होती, तिच्यात कडब्याशेजारी ती उभी होती. अनिता दौंडहून एसटीने शिरूरला उतरून तिथून रिक्षाने आली होती. ती कुरकुंभच्या एका औषध कंपनीत, लॅबमध्ये काम करायची. मोबाइलवरची जाहिरात तिने आठ दिवस रोज वाचली होती. नवव्या दिवशी फोन केला.

"हे असते तर बरं झालं असतं. त्यांना गाडीतलं कळतं," करिश्मा म्हणाली. "तुम्ही नेमका शनिवार सांगितला. शनिवारी त्यांची सणसवाडीला फर्स्ट शिफ्ट असती."

"मला तोच दिवस सोयीचा होता."

करिश्माची नजर तिच्या मंगळसूत्रावर गेली. "तुमचे मिस्टर न्हाई आले?"

"ते बाहेर असतात."

"दुबईला?"

"नाही. इतकं लांब नाही."

अनिता गाडीभोवती सावकाश फिरली. डाव्या दाराशी थांबली, वाकली, उजेडाच्या बाजूने पाहिलं. "हे दार नंतर रंगवलंय."

"अगं बाई, वळखलं का!" करिश्मा हसली. "मीच ठोकली, त्या लिंबाला. शिकत होते ना. म्हटलं, आता काय खैर न्हाई. तर ते आले, दार बघितलं आन् विचारत्यात, लिंबाला लय लागलं का गं?"

"ओरडले नाहीत?"

"छ्या! पोट धरून हसले."

अनिताचा हात दारावर तसाच राहिला. मग तिने दार उघडलं.

सीट पार मागे होती. तिने ती पुढे ओढून घेतली, आरसा नीट केला. करिश्मा शेजारी बसली. गावाबाहेर पडेपर्यंत दोन स्पीडब्रेकर गाडीच्या पोटाला घासले.

"तिरकी घ्या, तिरकी," करिश्मा म्हणाली. "मी चालवते तवा लोक बांधावर उभं राहून बघत्यात. सर्कस आल्यावानी."

"का विकताय?"

"दोनच सीटा. लेक मांडीवर बसायची. आता पाच वर्षांची झाली, डोकं वर लागतं तिचं. आन् तिला शाळेत घालायच्या आधी शिरूरला राहायला जायचंय. हितं नकोच."

"गाव चांगलं दिसतंय."

"दिसतं नुसतं." करिश्माने काच थोडी खाली केली. "तुम्ही परक्या, म्हणून बोलते. आमचं लग्न झालेलं न्हाई. त्यांची पहिली हाय. तीनदा कागद पाठवले वकिलानं, ती सही करत न्हाई. येत बी न्हाई, सोडत बी न्हाई."

अनिताने गिअर बदलला. "तुम्ही पाहिलंय तिला?"

"कुठलं! फोटो बी न्हाई. त्यांनी कवा नाव काढलं न्हाई, मी कवा विचारलं न्हाई. आता माझी मावशीबी म्हणती, तुझं काय खरं न्हाई पोरी. परवा संक्रांतीला समद्या आळीत हळदीकुंकू होतं. बाया माझ्या दारावरनं पुढं गेल्या. मी आत भांडी घासत बसले, मुद्दाम आवाज करत. म्हंजी त्यांना वाटावं, कामात हाय."

रस्त्याला वळण आलं. अनिताने वेग कमी केला.

"शिव्या देत असाल तिला."

"आधी लय द्यायचे." करिश्मा बाहेर बघत म्हणाली. "आता वाटतं, तिच्या तरी दारात कोण जात असंल?"

पुढे मोठा रस्ता लागत होता. तिथवर जायचं ठरलं होतं. अनिताने अलीकडेच गाडी वळवली. करिश्माला वाटलं, आपण नको ते बोललो, आता गिऱ्हाईक गेलं.

घरी आल्यावर तिने घाईने पोहे केले. "बसा हो. माझ्याकडं कुणी बसत न्हाई." ती समोर बसून राहिली आणि बशी रिकामी होताच तिने न विचारता पुन्हा वाढलं. अनिताने तेही संपवलं.

मग करिश्माने फाइल आणली. विम्याचा कागद, आरसी, ट्रान्सफरचा फॉर्म. आरसीवर मालकाचं नाव होतं, जाहिरातीत होतं तेच : ईश्वर भानुदास कोळपे. फॉर्मवर खाली त्याची सही आधीच केलेली होती.

"गिऱ्हाईकाचं अडाया नको म्हणून करून ठिवल्यात सह्या," करिश्मा म्हणाली. "मग? पसंत हाय ना?"

"हो."

"खरंच?" करिश्माचा चेहरा उजळला. तिने पेन उघडलं, फॉर्म मांडीवर घेतला. "घेणाऱ्याचं पूर्ण नाव सांगा. फोनमधी मी नुसतं 'दौंडच्या मॅडम' टाकलंय."

अनिताने बशी बाजूला ठेवली. रुमालाने बोटं पुसली, एकेक करून.

"अनिता ईश्वर कोळपे."

करिश्माने 'अनिता' लिहिलं. पुढच्या अक्षरावर पेन थांबलं.

"गाडी राहू द्या," अनिता म्हणाली. "त्यांना सांगा, कागद पाठवा. मी सही करते."