कुसकुसातली बी

पहिल्याच घासाला साबीरच्या दाताखाली कटकन काहीतरी आलं. खडा नव्हे, खजुराची बी. त्याने ती जिभेने गालात सारली आणि हसू दाबून इदिरकडे बघितलं.

इदिरचं लक्ष नव्हतं, तो बाकीच्यांना वाढत होता. आखाती देशातल्या मिरकाब भागातल्या त्या हॉटेलात दुपारचं गिऱ्हाईक यायला अजून अवकाश होता. आज इदिरच्या लोकांचं नवं वर्ष. ॲटलासच्या डोंगरातली ही माणसं या दिवशी गव्हाचा कुसकुस वाफवतात, त्यावर सात भाज्या घालतात आणि आत खजुराची एकच बी पुरतात. पहाटेपासून खपून त्याने साऱ्या स्टाफला पुरेल एवढं पातेलं रांधलं होतं.

"ज्याच्या घासात बी येईल, कोठाराची किल्ली त्याच्याकडे," तो मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत होता. "वर्षभर घर त्याने राखायचं."

"हितं कसला कोठार? फ्रीजरची किल्ली देशील काय?" भांडी घासणारा अब्बासचाचा म्हणाला आणि सगळे हसले.

साबीर तोंड उघडणार, तेवढ्यात जलाल आत आला.

जलाल सुपरवायझर. इदिरच्याच देशाचा, पण शहरातला. कोणाचा अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढवायचा आणि कोणाला गावी धाडायचं, हे मालक त्याला विचारून ठरवी. स्टुलावरचं पातेलं बघून त्याच्या कपाळाची शीर ताठ झाली.

"अब्दुल्ला, हे काय आहे?"

कागदोपत्री इदिरचं नाव अब्दुल्लाच होतं. तो जन्मला तेव्हा गावच्या कारकुनाने अरबी नाही म्हणून 'इदिर' हे नाव लिहूनच घेतलं नव्हतं.

"आमचं नवं वर्ष."

"आमचं म्हणजे कोणाचं? बर्बरांचं? आपण अरब आहोत. साऱ्या मुलखाच्या लोकांसमोर नाक कापतोस?"

इदिरने डाव खाली ठेवला. "बर्बर हे दुसऱ्यांनी ठेवलेलं नाव. आम्ही अमाझिग."

जलालने स्टुलाला लाथ घातली. पातेलं कलंडलं आणि वाफाळता कुसकुस फरशीभर पसरला. मग त्याने इदिरची गचांडी धरून फाडकन दोन थोबाडीत दिल्या. इदिरचा ओठ फुटला.

"म्हण, मी अरब आहे."

इदिरने बाहीने रक्त पुसलं. बाही वर सरकली, तसं मनगटावरचं गोंदण दिसलं. दोन्ही हात वर करून उभा राहिलेला माणूस वाटावा अशी ती त्याच्या लोकांची खूण.

"जलाल," तो हळू म्हणाला, "तुझ्या आजीच्या हनुवटीवरही गोंदण होतं. ईदला तूच फोटो दाखवलास. ती कोण होती, ते तिला कधी विचारलंस?"

एवढं पुरलं. जलालने तो हात पिरगाळला आणि गोंदण खाली करून कबाबच्या तापल्या तव्यावर दाबला. चर्र झालं. इदिर किंचाळला ते त्याच्या भाषेत, पण आईला मारलेली हाक तिथे सगळ्यांना कळली. जलालने हात लवकर सोडला नाही.

साबीर हाताच्या अंतरावर उभा होता. जलालला नुसतं ढकललं असतं तरी पुरे होतं. अब्बासचाचाने मागून त्याचा शर्ट धरला. "गप ऱ्हव, साबीर. तुजा अकामा संपत आलाय."

लोक मूग गिळून गप्प बसतात. साबीरच्या तोंडात बी होती, त्याने ती गिळली.

घसा खरवडत ती खाली उतरली आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. खोलीतले लोक त्याला हसायचे, मुसलमान असून घरी फोनवर मराठी काय बोलतोस म्हणायचे. एकटा इदिर म्हणाला होता, "बोल तू. आईची भाषा आहे."

ओरडा ऐकून मालक अबू नासर गल्ल्यावरून धावत आला. "काय झालं?"

"पाय घसरला त्याचा," जलाल म्हणाला. "सांडलंय बघा किती. हात तव्यावर गेला."

मालकाने एकेकाकडे बघितलं. सगळे फरशीकडे बघत होते. भाजलेला हात छातीशी धरून इदिर खाली बसला होता आणि दुसऱ्या हाताने सांडलेले दाणे चाळत होता.

"अरे, नळाखाली धर तो हात," अब्बासचाचा म्हणाला. "काय शोधतोस?"

"बी. कोणालाच मिळाली नाही. घर राखायला वर्षभर कोणी नाही मग."

साबीर त्याच्याजवळ उकिडवा बसला. "शोधू नको. मला आली होती."

इदिरने मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओठ सुजला होता. "दाखव."

साबीरकडे दाखवायला काही नव्हतं. इदिर पुन्हा दाणे चाळू लागला. साबीर उठला. अब्बासचाचाने पुन्हा शर्ट धरला, तो त्याने सोडवून घेतला आणि मालकासमोर जाऊन उभा राहिला. जलाल त्याच्याकडे टक लावून बघत होता. साबीरचा घसा अजून दुखत होता.

"अबू नासर, तो घसरला नाही," साबीर म्हणाला. "जलालने हात धरून तव्यावर दाबला. मी इथेच उभा होतो."

मागे दाणे चाळणारा हात थांबला.